डॉक्टर शिकायला गेले, तर अडलेली म्हैस कोण सोडवणार?

पशुवैद्यकाच्या हातात पदवी पडली की त्याचं शिक्षण संपलं, असं आपण धरून चालतो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, मग पशुवैद्यक परिषदेत नोंदणी, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तो गोठ्यागोठ्यांतून एकटा. त्याचा हात बरोबर पडतोय की नाही, हे बघायला शेजारी कुणी नसतं. गाय उठली तर नाव होतं, मेली तर बोल लागतो. ती का मेली हे मात्र बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातलं पशुधन तीन कोटी तीस लाखांच्या घरात भरलं. एवढी जनावरं ज्यांच्या भरवशावर आहेत, त्या डॉक्टरांना मधल्या वयात पुन्हा शिकायला मिळावं का, कुठं मिळावं, आणि ते गेले तर मागं त्यांची जनावरं कुणी बघायची?

एक सूचना अशी आहे, की पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी फेलोशिप ठेवाव्यात. आपल्याकडं परळचं महाविद्यालय १८८६ पासून आहे. पुढं नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालयं झाली, अकोल्याला पदव्युत्तर संस्था झाली. २००० साली महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हा ती त्याच्या छत्राखाली आली. महाविद्यालयाला जोडून रुग्णालय असतंच. विद्यार्थी त्याला नुसतं ‘क्लिनिक्स’ म्हणतात. तिथं बाहेरच्या डॉक्टरानं ठरावीक काळ विद्यावेतन घेऊन राहायचं, रोज जनावरं बघायची, प्राध्यापकांच्या शेजारी उभं राहून हात चालवायचा. दोन-तीन दिवसांची प्रशिक्षणं होतात, औषध कंपन्यांची व्याख्यानंही होतात. ही गोष्ट त्याहून फार निराळी आहे.

यावर एकमेकांशी न पटणारी दोन माणसं इथं बोलताहेत. एक, प्रसूतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापक. त्यांना त्यांचे सगळे विद्यार्थी मॅडमच म्हणतात. दुसरे त्यांचेच जुने विद्यार्थी, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात खासगी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. माझं मत मी मध्ये मध्ये सांगेन, लपवणार नाही.

मॅडम : तू शेवटची केस जाणत्या माणसाला शेजारी उभं करून कधी केलीस?

डॉक्टर : कॉलेज सुटल्यापासून नाही. गोठ्यात जाणतं माणूस म्हणजे घरातली म्हातारी. आणि मॅडम, तिचं निरीक्षण पुष्कळदा आमच्यापेक्षा चांगलं असतं.

मॅडम : निरीक्षण असेल. पण तुझा हात आत असताना तुझ्या बोटांना काय लागलं आणि तू त्याचा अर्थ काय लावलास, हे तिला कसं कळणार? आमच्याकडं एका गायीमागं पंधरा-वीस पोरं उभी राहायची. सगळ्यांचे हात जाईपर्यंत गाय वैतागायची. गाभण तपासणी बघून येत नाही, बोटांना यावी लागते. त्याला शेकडो गायी लागतात, आणि तेवढ्या आम्ही कुणालाच देऊ शकलो नाही.

डॉक्टर : मग त्या शेकडो गायी आम्हाला शेतकऱ्यांनी दिल्या.

मॅडम : हो. आणि त्याची किंमतही शेतकऱ्यानंच मोजली. म्हणून म्हणते, पाच-सात वर्षं हात चालल्यावर डॉक्टरनं परत यावं. तेव्हा त्याला नेमकं कळलेलं असतं की आपल्याला काय येत नाही. विसाव्या वर्षी पोराला ते कळत नाही, म्हणून तो परीक्षेत येईल तेवढं वाचतो. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला शिकवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

डॉक्टर : मला पटतंय. पण माझा दिवस धरा की. सकाळी धार काढताना कुणाच्या तरी लक्षात येतं, सड सुजलाय, दूध फाटलंय; पहिला फोन तेव्हा. दुपारी लसीकरण, कृत्रिम रेतन, उलटलेल्या, म्हणजे पुन्हा माजावर आलेल्या गायी. रात्री जेवायला बसलो की म्हैस अडल्याचा फोन. मी महिनाभर नसलो तर शेतकरी थांबेल का? तो दुसरा बघेल. आणि तो दुसरा दरवेळी डॉक्टरच असेल असं नाही. पशुवैद्यकांचा १९८४ चा कायदा म्हणतो, उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. गावात जो आधी पोचतो त्याला डॉक्टर म्हणतात.

मॅडम : सरकारी दवाखाना आहे. १९६२ या नंबरवर फोन लावला की फिरतं पथक येतं.

डॉक्टर : येतं, आणि चांगलं काम करतं. पण श्रेणी एकच्या दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी लसीकरण बघणार, पंचनामे करणार, शेजारच्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार सांभाळणार. त्यात अडलेल्या म्हशीला उद्या सकाळी या असं सांगता येत नाही.

अडलेली म्हैस म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला ठाऊक असायचं कारण नाही. त्यावाचून डॉक्टरांची अडचण कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. म्हैस अडण्याचं एक मोठं कारण म्हणजे गर्भाशयाला पडणारा पीळ. त्याचं प्रमाण म्हशीत गायीपेक्षा बरंच जास्त, आणि पीळ बहुतेक वेळा उजवीकडं पडतो. म्हैस ऊठबस करते, कळा येतात आणि विरतात, पाणमोट दिसत नाही, वासराचे पाय बाहेर येत नाहीत. डॉक्टर आत हात घालतो तेव्हा मार्गाच्या घड्या एका बाजूला ओढलेल्या लागतात. त्यावरून त्यानं पिळाची दिशा ओळखायची. ती चुकली तर पुढचं सगळं उलटं होतं. मग ज्या बाजूला पीळ त्याच कुशीवर म्हैस दोरानं पाडायची, पुढचे पाय एकत्र, मागचे पाय एकत्र बांधायचे. नऊ ते बारा फुटांची फळी तिच्या पोटावर तिरकी ठेवायची, फळीचं खालचं टोक जमिनीला टेकलेलं, आणि त्या फळीवर एक माणूस उभा करायचा. त्याच्या वजनानं आतलं वासरू आणि गर्भाशय जागच्या जागी दाबून धरलं जातं. मग सगळ्यांनी मिळून म्हैस पिळाच्याच दिशेनं हळूहळू लोळवायची. शरीर फिरतं, गर्भाशय थांबून राहतं, पीळ सुटतो. पुस्तकातल्या शाफरच्या पद्धतीत शर्मा यांनी केलेली ही सुधारणा आज आपल्याकडं सर्रास वापरली जाते. वेळेत झालं तर म्हैस आणि पारडू दोन्ही वाचतात. दीड-दोन दिवस गेले तर पोट फाडावं लागतं, आणि तेव्हा हाती काय लागेल ते सांगता येत नाही.

डॉक्टर : आता बघा, हेच तुमच्या हॉस्पिटलात करायचं तर मोकळी जागा, अंथरलेली वाळू, धरायला दहा विद्यार्थी, भुलीची औषधं, नाहीच जमलं तर शेजारी शस्त्रक्रियेची खोली. माझ्याकडं शेणानं निसरडा झालेला गोठा, मध्ये गटार, मोबाइलची बॅटरी आणि झोपेतून उठवून आणलेले चार शेजारी. फळी नसते, दाराचं फळकूट काढतो. तिथं शिकलेलं इथं जसंच्या तसं लागू पडत नाही.

मॅडम : जसंच्या तसं पडायलाच नको. मला उलट असं वाटतं, की तू फळकुटावर जे करतोस ते आमच्या पोरांनी बघायला पाहिजे. आम्ही त्यांना वाळूवरचं शिकवतो आणि मग गटारात पाठवतो. फेलो म्हणून तू आलास तर आमच्या क्लिनिक्सला एक असा माणूस मिळतो, ज्यानं हे रात्रीचं, एकट्यानं, माणसं जमवून केलेलं आहे. शिकणं एका बाजूचं राहत नाही.

डॉक्टर : हे तुम्ही बोलता, तुमचं मन मोठं म्हणून. पण हॉस्पिटलात गेल्यावर खरं काय होतं? मनुष्यबळ कमी, म्हणून नव्या माणसाला केसपेपर लिहायला बसवतात, रात्रपाळी देतात, सलाईन धरायला उभं करतात. इंटर्नचं जे होतं तेच फेलोचं होणार, फक्त त्याचे केस पांढरे असणार.

इथं मला डॉक्टरांची बाजू जड वाटते. कुठल्याही शिकवणाऱ्या रुग्णालयाची ही जुनी खोड आहे, माणसांच्या असो की जनावरांच्या. शिकायला आलेला माणूस हा स्वस्तात मिळालेला हात ठरतो. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्षाची इंटर्नशिप, मग साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग त्या त्या शाखेच्या तज्ज्ञांच्या संघटनेची, तिला तिथं ‘कॉलेज’ म्हणतात, परीक्षा असा तज्ज्ञाचा रस्ता आहे. त्यांच्या पशुशल्यचिकित्सकांचं असं ‘कॉलेज’ १९६५ पासून आहे. त्या रस्त्यावर कामाचे तास आणि तुटपुंजं वेतन यांची तक्रार तिथंही आहेच. आपण त्या रस्त्याची नक्कल करू नये. चाळिशीतल्या, घरदार असलेल्या, चालती प्रॅक्टिस असलेल्या माणसाला तो रस्ता मुळात चालताच येणार नाही. फेलोच्या रोजच्या वेळेतले किती तास स्वतःच्या हातानं तपासण्याचे आणि किती कागदाचे, हे आधी लिहून ठरलं पाहिजे.

मॅडम : लिहून देऊ. त्यात मला अडचण वाटत नाही.

डॉक्टर : बरं, दुसरं. शहरातल्या हॉस्पिटलात येतात कुत्री-मांजरं. मी तिथं जाऊन काय करू? लॅब्राडॉरच्या सांध्यांचं एक्स-रे वाचन शिकून माण तालुक्यातल्या शेळीला काय उपयोग?

मॅडम : त्याचं उत्तर सोपं आहे. परळला जाऊ नकोस. त्या हॉस्पिटलला लोक अजून ‘बैलघोडा’ म्हणतात, कारण एके काळी मुंबईत बैलगाड्या होत्या, टांगे होते. हायकोर्टाच्या २०१५ च्या निकालानंतर घोड्यांच्या व्हिक्टोरियाही गेल्या. शहरातली जनावरं बदलली तसं काम बदललं. छोट्या प्राण्यांसाठी तर २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं वेगळं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. पुण्या-नाशिकचा कुत्र्यांची प्रॅक्टिस करणारा डॉक्टर मुंबईला जाऊ दे. तू शिरवळला जा, पुणे-सातारा रस्त्यावर, दुधाच्या पट्ट्यात. मराठवाड्यातला उदगीरला, परभणीला जाईल.

डॉक्टर : आणि शिकलेला हात शहराकडं वळला तर? होतं असं. कुत्र्याचा मालक तपासणीचे पैसे न विचारता देतो. गायीचा मालक आधी गायीची किंमत आणि दुधाचा भाव मनात मांडतो, मग म्हणतो, डॉक्टर, साधं काहीतरी करा. हुशार पोरं गायीकडून कुत्र्याकडं गेली, त्यांना दोष देत नाही मी. पण सरकारी पैशानं फेलोशिप द्यायची आणि माणूस पुण्यात क्लिनिक टाकणार, हे कसं चालेल?

मॅडम : म्हणूनच नव्या पदवीधराला देऊ नये म्हणते. एम.व्ही.एस्सी. करून पोरगं कुठं जाईल, हे कुणी सांगू शकत नाही. पण ज्याची सात-आठ वर्षांची प्रॅक्टिस तालुक्यात बसलेली आहे, घर तिथं आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत, तो शिकून तिथंच परत येतो. बॉण्ड लिहून घ्यावा लागत नाही. माझ्या दृष्टीनं फेलोशिपच्या बाजूनं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

डॉक्टर : हां, हे पटलं.

मॅडम : आता मी विचारते. तुझ्याकडं होल्स्टीन संकरित गायी वाढल्या असतील ना?

डॉक्टर : खूप. खिलार राहिली ती शर्यतीच्या हौसेवर. दुधाला सगळीकडं एचएफ.

मॅडम : मग व्यायल्यावर पंधरा दिवसांत एक गाय वैरण खाते, खुराक तोंडात धरत नाही, दूध रोज उतरतंय, तोंडाला गोडसर वास, ताप नाही. काय करतोस?

डॉक्टर : कीटोसिस धरून ग्लुकोज लावतो. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

मॅडम : डाव्या कुशीला शेवटच्या दोन-तीन बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारी बोटानं टिचकी मारलीस कधी?

मॅडम ज्याबद्दल बोलत होत्या, तो आजार म्हणजे चौथं पोट, खरं जठर, वायूनं भरून डावीकडं सरकणं. जास्त दूध देणाऱ्या गायींत, विशेषतः व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, तो दिसतो. टिचकी मारताच स्टेथोस्कोपमधून रिकाम्या पितळी घागरीवर नख वाजावं तसा स्वच्छ, घुमणारा आवाज येतो. एकदा कानांनी ऐकला की पुन्हा विसरत नाही, आणि ऐकला नसेल तर पुस्तकातलं वर्णन दहा वेळा वाचूनही उपयोग नाही. गाय उताणी लोळवली की पोट जागेवर येतं, पण पुष्कळदा परत सरकतं; म्हणून उभ्या गायीला कमरेतल्या नसांवर भूल देऊन, उजव्या कुशीतून ते टाके घालून अडकवायचं. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या डॉक्टरांपैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत अशी गाय फारशी पाहिली नसेल, कारण त्या काळी गावात एवढं दूध देणाऱ्या गायीच नव्हत्या. जनावर बदललं, खुराक बदलला, आजार बदलले. डॉक्टरच्या शिक्षणाची तारीख मात्र पदवीच्या कागदावरच राहिली. फेलोशिपची गरज मला या एका आवाजात सगळ्यात स्पष्ट दिसते. तो आवाज शिकवायला एक तास पुरतो. पण त्या तासासाठी अशी गाय, जाणता माणूस आणि शिकणारा एकाच वेळी एका जागी असावे लागतात. शिकवणाऱ्या रुग्णालयाखेरीज ते कुठं जमणार?

डॉक्टर : एवढ्यासाठी मी आठ दिवस येईन. पण मला आणखी एक पाहिजे, जे तुमच्या अभ्यासक्रमात शेवटी असतं आणि मला पहिल्या दिवशी हवंय. शवविच्छेदन.

मॅडम : का?

डॉक्टर : कारण आमचं शिक्षण तिथंच अडलंय. गाय मेली की शेतकरी शोकात असतो, विम्याचा पंचनामा झाला की पुरायची घाई. मी पोट उघडतो म्हटलं तर घरच्यांना आवडत नाही. कुठं उघडायचं, काय कापायचं, कशात नमुना घ्यायचा, बर्फात की फॉर्मलीनमध्ये, हातानं रोज केलं नसलं की माणूस कचरतो. काळपुळीचा संशय असला, नाकातोंडातून काळं न गोठणारं रक्त आलेलं असलं, तर उघडायचंच नाही, हेही पक्कं ठाऊक लागतं. मी उपचार केलेली जनावरं मेली त्यात पोटात तार लागलेली किती, गोचिडांतून होणाऱ्या थायलेरियाची किती, माझ्याच औषधाच्या मात्रेनं किती, मला सांगता येत नाही. जाणता पॅथॉलॉजिस्ट शेजारी घेऊन रोज एक-दोन जनावरं उघडली, तर माझं पुढचं निदान बदलेल.

मॅडम : हे तू बोललास ते फार मोलाचं. आम्ही शस्त्रक्रिया, अल्ट्रासाऊंड हे पुढं ठेवतो, कारण ते शिकायला लोक हौसेनं येतात.

डॉक्टर : अल्ट्रासाऊंड हवंच आहे. महिन्याच्या गाभणाचं सांगता आलं तर शेतकऱ्याचा एक माज वाया जात नाही. पण मरणाचं कारण कळणं आधी.

त्याच ओघात मॅडमनी डॉक्टरच्या स्वतःच्या धोक्याची एक गोष्ट काढली, जी मला इथं नोंदवावीशी वाटते. जनावर तोंडातून लाळ गाळतं, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय. शेतकरी म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. डॉक्टर मदतीच्या घाईनं उघडा हात घशापर्यंत घालतो. जनावराला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, हे आठवडाभरानं कळतं. तशीच वार काढण्याची गोष्ट. गर्भपात झालेल्या गायीची अडकलेली वार हातमोजे न घालता काढणाऱ्या डॉक्टराला ब्रुसेला होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं येणारा ताप, सांधेदुखी याचं मूळ तिथं असू शकतं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, तो जनावरांसाठी. डॉक्टरच्या हातमोज्यांचं काय? फेलो आला की पहिल्या दिवशी त्याची स्वतःची रेबीजची लस झाली आहे का ते विचारावं, ब्रुसेलासाठी रक्त तपासावं. आपल्या गोठ्यांतून फिरणाऱ्या माणसांची एवढी काळजी आपण घ्यायला हवी, आणि ती आजवर फारशी घेतलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मॅडम : औषधांचंही शिकावं लागेल. २००६ ला जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं, कारण मेलेल्या जनावरावर गिधाडं जेवायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २०२३ ला कीटोप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅकही बंद झालं. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन २०१९ पासून बंद. हे नियम तुमच्यापर्यंत कसे पोचतात?

डॉक्टर : कंपनीचा माणूस सांगतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर. मेलोक्सिकॅम वापरतो आम्ही. पण खरा गोंधळ कासदाहात आहे. सड सुजला की तिसऱ्या पिढीचं अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी. दूध तपासायला पाठवलं तर निकाल येईपर्यंत सड जातो, अशी भीती असते.

मॅडम : चार कप्प्यांचा कासदाह चाचणीचा ट्रे गाडीत ठेवतोस?

डॉक्टर : ठेवतो. पण नुसता दाह कळून भागत नाही, जंतू कोणता ते कळायला पाहिजे. त्याला जवळ प्रयोगशाळा पाहिजे. फेलोशिप संपल्यावरही माझे नमुने तुमच्या प्रयोगशाळेत घेतले जातील, निकाल फोनवर कळेल, हे बांधून द्या. नाहीतर मी शिकून परत येईन आणि सवयीनं तीच सुई टोचेन.

मॅडम : बरोबर आहे. फेलो गेला की हिशेब संपला, असं करून चालणार नाही.

डॉक्टर : २०२२ ला लम्पी त्वचारोग आला तेव्हाचं आठवतं का? ऑगस्टमध्ये जळगावकडं सुरू झाला, बघता बघता आमच्याकडं. शेळ्यांच्या देवीची लस गायींना द्यायची ठरली, ती आम्ही टोचली. पण पायाला सूज आलेली, गाठी फुटून अळ्या पडलेली गाय रोज कशी सांभाळायची, हे आम्ही एकमेकांना फोनवर विचारून शिकलो. ते सगळं कुणी लिहून घेतलं नाही.

मॅडम : तेव्हा तुझ्यासारखे दहा फेलो आमच्याकडं जोडलेले असते, तर पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं असतं की गोठ्यात काय चाललंय. रुग्णालयात जनावर येतं ते उशिरा, आणि येतं तेही ज्याला गाडी परवडते त्याचंच.

आता मूळ अडचण. डॉक्टर गेले तर मागं कोण? यावर दोघांचं लवकर जमलं नाही.

डॉक्टर : सलग तीन महिने मला जमणार नाहीत, कुणालाच जमणार नाहीत. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढपर्यंत वितात, तेव्हा हलता येत नाही. मे-जूनला घटसर्प-फऱ्याची लसीकरणं. फेब्रुवारी ते एप्रिल थोडी उसंत. तेव्हा दर महिन्याला एक आठवडा, तीन वर्षं. आणि माझ्या जागी तुमचा एम.व्ही.एस्सी.चा विद्यार्थी पाठवा. त्याची पदवी झालेली असते, नोंदणी झालेली असते, कायद्यानं तो उपचार करू शकतो. तो माझ्या गाडीवर, माझ्या औषधांवर आठवडाभर गावं करेल. मी हॉस्पिटलात असलो तरी फोनवर असेन.

मॅडम : अनोळखी मुलूख, रात्रीची वेळ, अडलेली म्हैस. चूक झाली तर जबाबदार कोण? आणि आमच्याकडं आता निम्म्याहून जास्त मुली असतात कधी कधी. तिची राहायची सोय, रात्री एकटीनं जायचं?

डॉक्टर : माझ्या घरी राहील. रात्रीच्या फोनला माझा सहायक, तो गावातलाच आहे, बरोबर जाईल. मुलगी डॉक्टर गोठ्यात आली तर बायका आधी बोलतात, मॅडम. धार त्या काढतात, माजावर आलेली गाय त्यांना आधी कळते. पुरुष डॉक्टरला त्या अर्धं सांगतात.

मॅडम : ते मलाही अनुभवानं ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. पहिल्या आठवड्यात तू तिथंच असशील, ती तुझ्याबरोबर फिरेल. मगच दुसऱ्या महिन्यापासून तू हॉस्पिटलात आणि ती तुझ्या गावात.

डॉक्टर : चालेल. पैसे कोण देणार?

मॅडम : विद्यापीठानं द्यावेत, शासनाकडून घेऊन.

डॉक्टर : मला वाटतं दूध संघांनीही द्यावेत. वाचलेल्या गायीचं दूध त्यांच्याच संकलन केंद्रावर जातं.

मॅडम : संघानं पैसे दिले की संघ सांगेल कुणाला निवडायचं. त्यांच्या सभासदांच्या गावातला डॉक्टर आधी, धनगराच्या मेंढ्या बघणारा शेवटी.

पैशाच्या या मुद्द्यावर मी मॅडमच्या बाजूची आहे. मेंढपाळाचा कळप दूध संघाच्या हिशेबात येत नाही, आणि आंत्रविषारानं एका रात्रीत पाच-सात मेंढ्या जातात तेव्हा त्याच्याकडं जाणाऱ्या डॉक्टराला शिकायला कुणी पाठवणार नसेल, तर फेलोशिप पुन्हा बागायती पट्ट्यातच अडकेल. संघांनी पैसे द्यावेत, पण निवड विद्यापीठानं करावी, आणि जागांपैकी काही जागा शेळ्या-मेंढ्या बघणाऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवाव्यात.

शेवटी परीक्षेवर बोलणं आलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे माणसांच्या डॉक्टरांसाठी फेलोशिप अभ्यासक्रम आहेत. मॅडमना तसंच नीट चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र हवं होतं. डॉक्टरांना भीती, की मग लोक प्रमाणपत्रासाठीच येतील आणि ते दवाखान्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लागेल.

डॉक्टर : लेखी परीक्षा नको. माझ्याच गावातल्या वीस केसेस मी लिहून आणतो. जनावर, लक्षणं, निदान, काय केलं, महिन्यानं काय झालं. त्यावर तुम्ही मला विचारा.

मॅडम : मान्य. पण त्या वीसमध्ये मेलेल्या जनावरांच्या किमान पाच हव्यात, आणि त्यांतल्या तीन जनावरांचं शवविच्छेदन झालेलं हवं.

डॉक्टर : तीन जमतील का ते सांगता येत नाही. शेतकऱ्याला तयार करावं लागतं.

मॅडम : ते तयार करणंही तुझ्या फेलोशिपमध्ये धरू. पहिल्या फेब्रुवारीला येतोस ना?

डॉक्टर : येतो. विद्यार्थी जानेवारीतच पाठवा, रस्ते दाखवायला आठ दिवस लागतील.